जाब कोणाला विचारायचा?

वाचकांची पत्रे आणि उत्तरे : जून २०२१

एप्रिल आणि मे असे जवळजवळ दोन महिने कोविडच्या साथीमुळे इंदूर बंद होते आणि टपाल अडखळत येत होते, तरीही आपल्या मराठी मासिकाच्या या सदराकडे एरवीपेक्षा कितीतरी अधिक पत्रे आली. पुष्कळांनी ती कागदावर हाताने लिहून त्यांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर पाठवली. १ जूनपासून दुकाने हळूहळू उघडू लागली आहेत. पत्रांतला राग मात्र ओसरलेला नाही आणि तो लगेच ओसरावा अशी माझी इच्छाही नाही. नावे छापू नयेत असे बहुतेकांनी कळवल्यामुळे सर्वांचीच नावे वगळून केवळ वस्तीचा उल्लेख ठेवला आहे. लांब पत्रांचा सारांश दिला आहे.

प्रश्न (रामबाग, ज्येष्ठ वाचक) : नाट्यस्पर्धा, गणेशोत्सव, पुस्तक परीक्षणे आणि वधू-वर सूचना वाचण्यासाठी आम्ही मासिकाची वर्गणी भरतो. गेल्या काही अंकांपासून कलेक्टरांचे आदेश, मंत्री आणि निवडणुका यांचीच चर्चा चालली आहे. इंदुरातला मराठी समाज सर्व पक्षांत विखुरलेला आहे. समाजाच्या मासिकात राजकारण आणून घराघरांत वाद कशाला लावता?

उत्तर : आपली एक मागणी मी बिनशर्त मान्य करतो. कोणत्याही पक्षाचा प्रचार किंवा कोणाची निंदानालस्ती या सदरात होणार नाही. परंतु साथीच्या काळात कारभाराविषयी बोलूच नये, हे मला मान्य नाही आणि मराठी पत्रकारितेच्या परंपरेलाही ते धरून नाही. १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगसाठी जो साथरोग कायदा झाला, त्याच कायद्याचा आधार घेऊन २०२० मध्ये राज्यांनी आपल्यावर निर्बंध घातले. १८९७ साली पुण्यात घरांची झडती सुरू झाली आणि सैनिक माजघरांत, देवघरांत शिरू लागले, तेव्हा 'केसरी'ने त्यावर आसूड ओढले. त्याच वेळी टिळकांनी रुग्णांना वेगळे ठेवण्याची आवश्यकता मान्य करून हिंदू प्लेग रुग्णालयासाठीही खटपट केली. त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. सावित्रीबाई फुले त्या वर्षीच्या १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. रुग्णांची शुश्रूषा आणि कारभाराची चिकित्सा ही दोन्ही कामे त्या पिढीने एकाच वेळी केली, आणि इंदुरातल्या मराठी मासिकाने त्यांतले एक करून दुसरे टाळावे असे मला वाटत नाही. घरातल्या वादांबद्दल म्हणाल, तर ते आम्ही लिहिण्यापूर्वीही होतेच. निदान तारखा आणि कागद समोर ठेवून वाद झाले, तर ते व्यक्तींवर घसरणार नाहीत.

प्रश्न (लोकमान्यनगर, निवृत्त शिक्षक) : गेल्या वर्षी २२ मार्चला आम्ही उभयतांनी गॅलरीत उभे राहून टाळ्या वाजवल्या, ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता दिवे लावले, नातवाची मुंज पुढे ढकलली, सख्ख्या भावाच्या अंत्यविधीला देवासला गेलो नाही. याच काळात शपथविधी, सभा आणि मिरवणुका आम्ही टीव्हीवर पाहिल्या. माझा मुलगा म्हणतो, "बाबा, नियम फक्त तुमच्यासारख्यांसाठी होते." आम्ही मूर्ख ठरलो का?

उत्तर : नाही. भावाला शेवटचे पाहता आले नाही, हे दुःख कोणत्याही युक्तिवादाने कमी होणार नाही, आणि ते कमी करण्याचा प्रयत्नही मी करत नाही. परंतु आपण फसवले गेलो, ही भावना त्या दुःखात मिसळू देऊ नका.

आपण जे पाळले त्याचा एक भाग रोगाशी संबंधित होता. हा विषाणू लक्षणे दिसण्यापूर्वीच एकाकडून दुसऱ्याकडे जातो, त्यामुळे लस उपलब्ध नसताना ठणठणीत दिसणाऱ्या माणसानेही घरी थांबणे हा हाती असलेल्या मोजक्या उपायांपैकी एक होता. देवासच्या त्या गर्दीत आपण संसर्ग घेतला असता किंवा दिला असता, ही शक्यता मंत्र्यांच्या वागण्याने कमी-जास्त होत नाही. आपली शिस्त सरकारला खूश करण्यासाठी नव्हती. ती आपल्या पत्नीसाठी होती, जिन्यावर भेटणाऱ्या शेजाऱ्यांसाठी होती आणि एम. वाय. रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेसाठी होती.

दुसरा भाग राज्यकर्त्यांच्या शब्दाशी संबंधित आहे, आणि तेथे आपल्या चिरंजीवांचा राग मला पूर्णपणे रास्त वाटतो. तारखा एकीपुढे एक ठेवून पाहाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हणून घोषित केले ते ११ मार्च २०२० रोजी. त्याच दिवशी ज्योतिरादित्य शिंदे यांनी भाजपमध्ये प्रवेश केला. काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले, त्यांतले बरेच जण बेंगळुरूच्या मुक्कामी होते, आणि त्यांच्यात राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री, आपल्याच जिल्ह्यातल्या सांवेरचे आमदार तुळशीराम सिलावट हेही होते. २० मार्चला कमलनाथ यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. २३ मार्चच्या रात्री शिवराजसिंह चौहान यांचा शपथविधी झाला, दुसऱ्या रात्री देशभर टाळेबंदीची घोषणा झाली आणि २५ मार्चला इंदुरातले पहिले रुग्ण समोर आले. त्यानंतर २१ एप्रिलला पाच मंत्र्यांनी शपथ घेईपर्यंत राज्याला मुख्यमंत्र्यांखेरीज एकही मंत्री नव्हता, म्हणजेच स्वतंत्र आरोग्यमंत्रीही नव्हता. त्या महिनाभरात इंदूरने काय काय सोसले! शहर तीन दिवस दुधा-किराण्यासह बंद राहिले, टाटपट्टी बाखल या मुस्लिमबहुल वस्तीत आरोग्य पथकावर दगड पडले, ९ एप्रिलला शहरातल्या एका डॉक्टरांचा कोविडने मृत्यू झाला. सत्तांतर घडवणाऱ्यांनी आणि सत्ता टिकवू पाहणाऱ्यांनी, दोघांनीही ते दोन आठवडे रोगाच्या तयारीसाठी दिले असते तर किती जीव वाचले असते, हे सांगता येत नाही. ते दिवस त्यांनी दुसऱ्या कामाला दिले, हे मात्र स्वच्छ दिसते.

पुढे त्याच राजीनाम्यांमुळे आणि इतर रिक्त जागांमुळे २८ मतदारसंघांत पोटनिवडणुका लागल्या. सभांतली गर्दी पाहून उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने २० ऑक्टोबर २०२० रोजी प्रत्यक्ष सभांवर कडक बंधने घातली, तेव्हा उमेदवार आणि निवडणूक आयोग सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २६ तारखेला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. सभा दोन्ही मोठ्या पक्षांनी घेतल्या. या वर्षी एप्रिलमध्ये राज्यातली इतर शहरे शनिवार-रविवार बंद ठेवली गेली, तेव्हा दमोह मोकळे राहिले, कारण तेथे १७ तारखेला विधानसभेच्या पोटनिवडणुकीचे मतदान होते. इंदुरात जामनगरहून ऑक्सिजनचा टँकर आला तेव्हा रुग्णांचे नातेवाईक रुग्णालयांच्या दारात उभे होते, आणि टँकर मात्र फुगे, पूजा आणि छायाचित्रे यांसाठी थांबवला गेला. त्या दृश्याबद्दल मला आजही संताप येतो.

एवढे सगळे लिहिल्यावर एक गोष्ट आपल्या शहराबद्दलही लिहिली पाहिजे. काही दिवसांपूर्वीच ज्या इंदूरने रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) रद्द झाल्याचे स्वीकारले होते, त्याच इंदुरातले लोक २२ मार्चच्या संध्याकाळी थाळ्या आणि झेंडे घेऊन राजवाड्यावर गर्दी करून नाचले. तेथे त्यांना कोणा मंत्र्याने नेले नव्हते.

चिरंजीवांना माझे सांगणे असे : नियम मोडल्याने मंत्र्याला काहीही होत नाही, शेजारच्या वृद्धाला होते. जाब विचारायचा तर तो सभेच्या परवानगीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला, ती मागणाऱ्या उमेदवाराला, आणि मत मागायला दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला विचारावा, आणि तारखांसकट विचारावा. वर दिलेल्या तारखा त्यांनी स्वतः तपासून वहीत लिहून ठेवाव्यात. पुढच्या निवडणुकीपर्यंत त्या पुसट व्हाव्यात अशीच सर्वांची अपेक्षा असते.

प्रश्न (राजेंद्रनगर, गृहिणी) : गेल्या वर्षी शहर तीन दिवस पूर्ण बंद झाले तेव्हा घरात तान्ही नात होती आणि दूध नव्हते. या वर्षी मेच्या उत्तरार्धात किराणा आणि भाजी पुन्हा बंद करण्यात आली, त्याच दिवसांत सासूबाईंचे रक्तदाबाचे औषध आणायला गेलेल्या माझ्या यजमानांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवूनही चौकात पोलिसाने काठी मारली. १८१ वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, तक्रार केली. काही दिवसांनी फोन आला, "तक्रार बंद करतो, हो म्हणा." आम्ही नाही म्हटले, तरी निराकरण झाल्याचा संदेश आला. पार्षदांकडे (नगरसेवकांकडे) गेलो, तर ते म्हणाले, "मी आता पार्षदच नाही." मग जाब विचारायचा कोणाला?

उत्तर : ताई, आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य मी या अंकाच्या सदराला शीर्षक म्हणून घेतले आहे, कारण साऱ्या पत्रांचा गाभा तेथेच आहे.

आपल्या माजी पार्षदांनी सांगितले ते खरे आहे. २०१५ मध्ये निवडून आलेल्या नगर निगम (महानगरपालिका) परिषदेची मुदत फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे इंदुरात पहिला रुग्ण सापडण्याच्या जेमतेम महिनाभर आधी संपली, आणि जून २०२१ पर्यंत निवडणूक झालेली नाही. या काळात संभागायुक्त (विभागीय आयुक्त) हे प्रशासक म्हणून निगमाचा कारभार पाहत होते. विधानसभेच्या पोटनिवडणुका साथ चालू असताना होऊ शकल्या. ज्या निवडणुकीतून वॉर्डातल्या माणसाला हक्काने गाठता येईल असा प्रतिनिधी मिळतो, ती मात्र पुढे पुढे जात राहिली. साथीतल्या आपल्या हतबलतेचे मोठे कारण मला येथे दिसते. अधिकाऱ्यांनी काम केले नाही, असे माझे म्हणणे नाही. एप्रिल २०२० मध्ये कचरागाडीबरोबर येणाऱ्या निगम कर्मचाऱ्याकडे किराण्याची यादी द्यायची आणि सामान दाराशी यायचे, ही व्यवस्था याच निगमाने उभी केली, आणि त्या सफाई कर्मचाऱ्यांचे ऋण शहरावर आहे. पण दूध बंद करण्याचा निर्णय घेताना ज्या घरात तान्हे मूल आहे त्या घराची बाजू बैठकीत कोण मांडणार? ते काम पार्षदाचे होते आणि ती खुर्ची रिकामी होती.

आता काठीविषयी. संचारबंदी मोडली असा आरोप असला तरी शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. या काळात लागू असलेल्या भारतीय दंड विधानाच्या कलम १८८ खाली एक महिन्यापर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड, आणि मानवी जीविताला धोका असल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५१ खाली त्याहून अधिक. काठीचा फटका यांपैकी कोणत्याही कायद्यात शिक्षा म्हणून लिहिलेला नाही. औषधासाठी बाहेर पडणे तर संचारबंदीतही वर्ज्य नव्हते. या एप्रिलमध्ये परदेशीपुऱ्यात मास्क नाकाखाली उतरला म्हणून एका रिक्षाचालकाला मुलासमोर रस्त्यावर मारहाण झाली, त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली आणि दोन पोलिसांना निलंबित करावे लागले. आपल्या यजमानांच्या बाबतीत चित्रफीत नसेल, पण औषधाची चिठ्ठी, दुकानाची पावती, चौकाचे नाव, दिवस आणि वेळ आपल्याकडे आहे. एवढ्यावर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज करता येतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नये.

१८१ चा उपयोग नाही, असे मी म्हणणार नाही. पथदिवा, नळ, कचरा यांसाठी ती चांगली चालते. तक्रार खालच्या अधिकाऱ्याकडे पडून राहिली की ती एल-१ पासून एल-४ पर्यंत वर चढते, आणि तक्रारदाराचे समाधान झाल्यावरच ती बंद व्हावी अशी मूळ कल्पना आहे. परंतु वरिष्ठ अधिकाऱ्याला ती 'फोर्स क्लोज', म्हणजे तक्रारदाराच्या होकाराशिवाय बंद, करता येते, आणि खालच्या पायरीवर आकडे चांगले दिसावेत म्हणून फोनवरून होकार मिळवण्याची घाई होते. होकार कधीही देऊ नये. तक्रार क्रमांक आणि बंद केल्याचा संदेश जपून ठेवावा, कारण पुढच्या अर्जाचा तोच आधार आहे.

तो अर्ज माहितीच्या अधिकाराचा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती असेल तर ४८ तास. बहुतेकांचा अर्ज फसतो तो या कारणाने की ते "असे का केले?" असे विचारतात आणि कार्यालय "कारणे देणे बंधनकारक नाही" असे कळवून मोकळे होते. कागद मागावा. आपल्यासाठी मजकूर असा ठेवता येईल, फक्त तो हिंदीत लिहावा : "अमुक क्रमांकाची तक्रार बंद करण्यापूर्वी केलेल्या चौकशीच्या अहवालाची प्रत, तक्रार बंद करण्याचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि पद, मे महिन्यात किराणा व भाजी विक्री बंद ठेवण्याच्या आदेशाची प्रत, आणि तो निर्णय ज्या बैठकीत झाला त्या बैठकीच्या कार्यवृत्ताची प्रत." शेवटची ओळ मुद्दाम घातली आहे. गेल्या वर्षीचे निर्णय प्रशासनाने घेतले, या वर्षी जिल्ह्याच्या क्रायसिस मॅनेजमेंट समितीत लोकप्रतिनिधीही बसले होते. बैठकीत कोण काय बोलले हे कागदावर असेल, तर बाहेर येऊन "आमचा विरोध होता" असे सांगणाऱ्यांची परीक्षा होईल. आणि काहीच नोंदले नसेल, तर तेही नागरिकांना कळले पाहिजे. मुदतीत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करावे. मंगळवारची जनसुनवाई (नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याची बैठक) पूर्ववत सुरू झाली की हीच फाइल घेऊन कलेक्टर कार्यालयात जावे, आणि शक्य झाल्यास कॉलनीतली आणखी दोन-तीन घरे बरोबर असावीत. एकट्या बाईचा अर्ज बाजूला सारणे सोपे जाते.

प्रश्न (भंवरकुआ, घरगुती डब्यांचा व्यवसाय) : माझे सारे डबे कोचिंगच्या विद्यार्थ्यांचे होते. गेल्या मार्चमध्ये मुले गावी गेली, काही परत आली, या एप्रिलमध्ये पुन्हा गेली. मोठा फ्रीज आणि गॅसच्या शेगड्या यांसाठी कर्ज घेतले होते. गेल्या वर्षी हप्ते थांबवले तेव्हा माफी मिळाली असे वाटले होते. आता बँक जास्त रक्कम सांगते.

उत्तर : रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळात हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली होती. त्या काळाचे व्याज मात्र चालूच राहिले. ही गोष्ट घोषणेच्या वेळी ठळकपणे सांगितली गेली नाही, आणि आपल्यासारख्या असंख्य लोकांचा समज तसाच झाला. २ कोटींपर्यंतच्या कर्जांवर व्याजावरचे व्याज परत देण्यात आले आहे. आपल्या खात्यात ती रक्कम जमा झाली का, ते विवरणपत्रात पाहावे. या वर्षी ५ मे रोजी रिझर्व्ह बँकेने लहान व्यावसायिकांसाठी कर्जाच्या पुनर्रचनेची नवी सोय जाहीर केली आहे. ३१ मार्च २०२१ रोजी आपले खाते थकीत वर्गात गेलेले नसेल आणि पूर्वी पुनर्रचना घेतली नसेल, तर बँकेकडे लेखी अर्ज करावा. ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत मुदत आहे. तोंडी "होणार नाही" हे उत्तर स्वीकारू नये, नकारही लेखी मागावा. मुदत वाढली की एकूण व्याजही वाढते, याचा हिशेब आधी करून घ्यावा.

प्रश्न (सुदामानगर, महाविद्यालयीन विद्यार्थी) : आमच्या कॉलनीच्या फाटकावर गेल्या वर्षीपासून भाजीच्या ठेलेवाल्याला नाव विचारून आत सोडतात. मी हरकत घेतली, तर "टाटपट्टी बाखल विसरलास का?" असे काका लोक म्हणाले. वडील म्हणतात, गप्प राहा. मी काय करावे?

उत्तर : तुम्ही हरकत घेतलीत, हे योग्यच केलेत.

टाटपट्टी बाखलमध्ये १ एप्रिल २०२० रोजी तपासणीला गेलेल्या पथकावर दगडफेक झाली, हा गुन्हाच होता. त्याबद्दल अटका झाल्या, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करणारा अध्यादेश केंद्राने त्याच महिन्यात काढला. पण त्या दिवशी दगड चुकवून पळालेल्या दोन महिला डॉक्टर दुसऱ्याच दिवशी त्याच वस्तीत तपासणीला परत गेल्या, आणि त्यांच्यापैकी एक मराठी होती आणि दुसरी मुसलमान, हे आपल्या कॉलनीतल्या काका मंडळींना सांगा. त्या गल्लीवर राग धरण्याचा अधिकार कोणाला असेल तर त्या दोघींना होता. त्यांनी तो धरला नाही आणि काम पूर्ण केले.

शहरात ऑक्सिजन कमी का पडला, पार्षद का नाहीत, दूध का बंद झाले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ठेलेवाल्याच्या नावात सापडणार नाही. ज्याच्यापर्यंत आपला हात पोहोचत नाही त्याच्यावरचा राग आपण हाताशी असलेल्या दुबळ्या माणसावर काढतो, आणि या दीड वर्षात ठेलेवाल्याइतका हाताशी असलेला दुबळा माणूस दुसरा नव्हता. गेल्या जुलैत याच शहरात एका अंडी विकणाऱ्या मुलाची गाडी निगमाच्या लोकांनी उलटवल्याचा आरोप झाला, रस्त्यावर फुटलेल्या अंड्यांची चित्रफीत आपण सर्वांनी पाहिली आणि हळहळलो. आपल्या फाटकावर जे चालले आहे त्याने त्या दिवसाची कमाई तितकीच बुडते.

वडिलांशी भांडू नका. कॉलनीच्या बैठकीत एवढाच ठराव मांडा की फाटकावर सर्वांचा, रहिवाशांचासुद्धा, मास्क आणि ताप तपासला जाईल आणि दुसरे काहीही विचारले जाणार नाही. रोगाची भीती खरी असेल तर या ठरावाला विरोध करण्याचे कारण कोणालाच उरत नाही. ठराव हरला तरी विरोध करणाऱ्यांची नावे इतिवृत्तात लिहिली जातील असे पाहा.

प्रश्न (वैशालीनगर) : माझा धाकटा भाऊ पीथमपूरच्या कारखान्यात होता. एप्रिलमध्ये तो गेला. त्याच्यासाठी दवाबाजारात रेमडेसिविरच्या रांगेत मी पहाटेपासून उभी राहिले आणि मिळाले नाही; ते मिळाले असते तर तो वाचला असता, हा विचार सुटत नाही. पंचकुइया मुक्तिधामात जागेसाठी थांबावे लागले, आणि दुसऱ्या दिवशीच्या सरकारी बुलेटिनमध्ये साऱ्या शहराचे मृत्यू बोटांवर मोजण्याइतके होते. रुग्णालयाच्या कागदावर कारण 'हृदयक्रिया बंद पडणे' असे लिहिले आहे. भाऊच उरला नाही, तर आता कोणाला काय विचारायचे? वहिनी आणि दोन लहान मुले आहेत.

उत्तर : ताई, रांगेबद्दल आधी लिहितो. रेमडेसिविरमुळे मृत्यू टळतात असा पुरावा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या चाचणीनंतर नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितले होते आणि ते वापरू नये अशी शिफारस केली होती. ही गोष्ट चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांनी आणि साठा जाहीर करणाऱ्यांनी नातेवाइकांना स्पष्टपणे सांगायला हवी होती. ती न सांगितल्यामुळे हजारो लोक त्या रांगांत उभे राहिले आणि आज मनात अपराधाचे ओझे घेऊन जगत आहेत. ते इंजेक्शन हातात आले असते तरी भाऊ वाचला असता, असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर आपल्याला सांगणार नाही. आपण कुठेही कमी पडला नाहीत.

मृत्यूच्या कारणाचा प्रश्न मात्र सोडू नका. हृदयक्रिया किंवा श्वास बंद पडणे ही मृत्यूची रीत झाली, कारण नव्हे, आणि ते एवढेच कारण म्हणून लिहू नये, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. भावाचा आरटी-पीसीआर अहवाल आपल्याकडे असेलच. रुग्णालयाकडे केसपेपर, तपासण्या आणि मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र यांच्या प्रती लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत उपचारांचे कागद देणे डॉक्टरांच्या व्यवसाय-नियमांनुसार बंधनकारक आहे. मग कारणाच्या दुरुस्तीसाठी रुग्णालयाला अर्ज करा आणि त्याची प्रत मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. बुलेटिनमधला आकडा आपण एकटीने बदलू शकणार नाही, पण आपल्या भावाची नोंद खरी व्हावी हा आपला अधिकार आहे, आणि अशा एकेका नोंदीतूनच तो आकडा उद्या तपासला जाईल. कोविडने गेलेल्यांच्या कुटुंबांना भरपाई मिळावी यासाठीच्या याचिका या जूनमध्ये (२०२१) सर्वोच्च न्यायालयात आहेत. काहीही ठरले तरी कागदावर कोविड लिहिलेले असणे आवश्यक ठरेल.

वहिनींसाठी घाईची कामे अशी आहेत. भावाच्या पगाराच्या बँक खात्यातून दर मेअखेर ३३० रुपये कापले जात होते का, ते पासबुकात पाहा. जात असतील तर तो प्रधानमंत्री जीवनज्योती विमा आहे, रक्कम २ लाख रुपये, आणि दावा लवकरात लवकर शाखेत द्यावा. कारखान्यात भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल, तर त्याच्याशी जोडलेला विमा असतो, ज्याची कमाल मर्यादा एप्रिलअखेरीस ७ लाख करण्यात आली आहे. तो निधीच्या आणि कुटुंब निवृत्तिवेतनाच्या दाव्याबरोबरच मागायचा असतो. पगार २१,००० रुपयांपर्यंत असून राज्य कर्मचारी विमा लागू असेल, तर कोविडने गेलेल्या कामगाराच्या आश्रितांसाठी त्याच्या सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के निवृत्तिवेतनाची योजना मे २०२१ अखेरीस जाहीर झाली आहे. त्यासाठीही आरटी-पीसीआर अहवाल आणि मृत्यू प्रमाणपत्र लागेल. कारखान्याच्या कार्यालयात वहिनींना एकटीला पाठवू नका. भावाच्या सोबतच्या एखाद्या कामगाराला बरोबर घ्या आणि भावाचा यूएएन क्रमांक (भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक), विमा क्रमांक आणि नामनिर्देशनाची नोंद लिहून घ्या. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिहून हवे असतील तर कागदांच्या प्रती मासिकाच्या कार्यालयाकडे पाठवाव्यात, येथे ते लिहून दिले जातील.